पाणिग्रहण आणि परवाना

विवाह म्हणजे दोन कुलांमधला व्यवहार, अशी आपली परंपरागत समजूत आहे. गोत्रप्रवर पाहिले, पत्रिका जमल्या, वडीलधाऱ्यांनी सुपारी फोडली, कळंबच्या चिंतामणीपुढे पहिली पत्रिका ठेवली आणि अग्नीच्या साक्षीने सात पावले चालून झाली, की त्या जोडप्याने कोठे राहावे हे ठरविण्याचा अधिकार तिसऱ्या कोणास उरत नसे. नवरी माप ओलांडून घरात येई आणि त्या घरची होई. आता मात्र कित्येक विवाहांत अंतरपाटाच्या पलीकडे एक तिसरा पक्ष येऊन उभा राहिलेला आढळतो. तो मंगलाष्टके ऐकत नाही, अक्षता टाकीत नाही, जेवणावळीस बसत नाही. परंतु त्याची संमती मिळाल्यावाचून पतिपत्नींस एका छपराखाली नांदता येत नाही. हा पक्ष म्हणजे राज्य, आणि त्याची संमती म्हणजे व्हिसा.

ह्या विषयावर लिहिण्याचे निमित्त म्हणजे गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे आलेली दोन पत्रे. पहिले पत्र दिग्रसकडील एका गृहस्थांचे आहे. त्यांचा पुतण्या पुण्यास नोकरीस असून एका जर्मन मुलीशी त्याचा विवाह ठरत आहे. मुलगी सुशील आहे, घरच्यांस पसंत आहे, आजीबाईंचीही हरकत नाही. अडचण इतकीच की दोघांनी एकत्र राहावयाचे ते येथे की तेथे, आणि कोणत्या कागदाच्या आधारे, हे घरात कोणासच ठाऊक नाही. दुसरे पत्र पुसदच्या एका भगिनींचे आहे. त्यांच्या कन्येचा विवाह अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मुलाशी ठरला आहे. मुलास रजा नाही, लग्न पुढील वर्षी व्हावयाचे. पण विवाहनोंदणीचा दाखला आताच काढून ठेवा, म्हणजे व्हिसाचे काम पुढे सरकेल, असा सल्ला एका दलालाने दिला आहे. तो मानावा काय, असे त्या विचारतात. ही दोन घरे एकमेकांस ओळखत नसतील. पण त्यांचा प्रश्न आता आपल्या पुष्कळ घरांचा झाला असल्यामुळे त्याचा येथे सविस्तर विचार करणे उचित होईल.

परदेशाशी सोयरीक ही गोष्ट आपल्याकडे अगदीच नवी नाही. विदर्भाच्या मुली परराज्यांत देण्याची चाल तर पुराणांइतकी जुनी आहे. लोपामुद्रा, दमयंती, इंदुमती आणि रुक्मिणी ह्या चौघी ह्याच भूमीच्या कन्या. अर्वाचीन काळाचे म्हणाल, तर १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस गेल्या, तेव्हा समुद्रपर्यटनाबद्दल लोकनिंदा त्यांस पुष्कळ सोसावी लागली, पण व्हिसा म्हणून काही मागणारे कोणी नव्हते. पासपोर्ट आणि व्हिसा ह्यांची आजची सार्वत्रिक सक्ती पहिल्या महायुद्धात आली आणि युद्ध संपले तरी गेली नाही. लढाईसाठी उभारलेले कुंपण शांततेतही तसेच राहिले.

विवाहाच्या बाबतीत त्या काळच्या राज्यांनी एक सोपी युक्ती काढली होती. स्त्री विवाहानंतर पतीच्या गोत्रात जाते असे आपण मानतो. युरोप-अमेरिकेच्या कायद्यांनी तेच तत्त्व नागरिकत्वास लावले होते. ब्रिटिश साम्राज्याच्या १९१४ च्या कायद्यान्वये ब्रिटिश प्रजाजनाची पत्नी ही ब्रिटिश प्रजाजनच समजली जाई, आणि ही व्यवस्था १९४८ च्या कायद्यापर्यंत चालली. १९३२ साली स्वित्झर्लंडमध्ये वाढलेली एक तरुणी हिंदुस्थानात आली आणि लखनौ येथे विक्रम खानोलकर ह्या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी तिचा विवाह झाला. पुढे सावित्रीबाई खानोलकर ह्या नावाने त्या प्रसिद्धीस आल्या. मराठी आणि संस्कृत शिकल्या, महाराष्ट्रातील संतांवर त्यांनी ग्रंथ लिहिला आणि स्वतंत्र भारताच्या परमवीरचक्राची आकृती त्यांनीच कल्पिली. त्या चक्रावरील इंद्राचे वज्र ज्या हाताने रेखिले, तो हात जन्माने परदेशी होता, हे आपल्या मुलांस मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

परंतु ह्या सोप्या युक्तीची दुसरी बाजू फार कठोर होती. अमेरिकेने १९०७ साली कायदा केला की परकीयाशी विवाह करणारी अमेरिकन स्त्री आपले नागरिकत्व गमावील. १९२२ साली तो सैल झाला, पण नागरिकत्वास अपात्र ठरविलेल्या पुरुषांशी विवाह करणाऱ्या स्त्रियांस ती सवलत १९३१ पर्यंत मिळाली नाही. आणि १९२३ साली भगतसिंग थिंड ह्यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हिंदी लोकांस अपात्र ठरविले होते. म्हणजे हिंदी तरुणाच्या गळ्यात माळ घालणारी अमेरिकन मुलगी आपल्याच जन्मभूमीत परकी होत असे. हिंदी लोकांस नागरिकत्वाचा मार्ग १९४६ साली खुला झाला, तोही वर्षाकाठी अवघ्या शंभर माणसांच्या प्रवेशमर्यादेसह. आपल्या वऱ्हाड-नागपुराकडील उदाहरण पाहावयाचे तर वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे ह्यांचे पाहावे. इंग्रज सरकारच्या काळ्या यादीत नाव असल्यामुळे त्यांस मायदेशाचे दार बंद होते. मेक्सिकोत त्यांनी चापिंगो येथे कृषिविद्या शिकविली, मका आणि गहू ह्यांवर संशोधन केले, आणि १९३६ च्या सुमारास एका बेल्जियन स्त्रीशी विवाह करून तेथेच संसार मांडला. पती वऱ्हाड-मध्यप्रांतातला, पत्नी बेल्जियमची आणि घर मेक्सिकोत! स्वातंत्र्यानंतर ते नागपुरास येऊन राहिले आणि १९६७ साली तेथेच निवर्तले.

स्वतंत्र भारताच्या १९५५ च्या नागरिकत्वाच्या कायद्याने मात्र स्त्रीला स्वतंत्र व्यक्ती मानले. लग्नाने तिचे गोत्र बदलते, नागरिकत्व बदलत नाही. हे तत्त्व न्याय्य आहे ह्यात शंका नाही. परंतु त्यामुळेच दोन देशांच्या पतिपत्नींस एकत्र राहण्यासाठी परवानगी मागणे भाग पडले. न्यायाची किंमत कागदांनी चुकवावी लागते ती अशी.

आता ही परवानगी देणारा अधिकारी नेमके काय पाहतो? त्याचा मुख्य प्रश्न एकच असतो: हा विवाह खरा आहे, की केवळ देशात शिरण्यासाठी मांडलेला देखावा आहे? ह्या प्रश्नाने आपली वडील माणसे संतापतात, आणि तो संताप स्वाभाविक आहे. पण संस्कृत वाङ्मयाचा ज्यांस परिचय आहे त्यांस हा प्रश्न अपरिचित वाटू नये. कण्वाश्रमात शकुंतलेने दुष्यंताशी गांधर्वविवाह केला. साक्षीस ना पुरोहित, ना पिता. पुढे ती राजसभेत उभी राहिली, तेव्हा राजाने ओळख नाकारली आणि खूण मागितली. खुणेची अंगठी शचीतीर्थाच्या पाण्यात पडलेली होती. कालिदासाने नाटकाला जे नाव दिले त्यातील 'अभिज्ञान' म्हणजे हीच ओळख पटविणारी खूण. गौतमी आणि शार्ङ्गरव सोबत होते, सत्य तिच्या बाजूस होते, तरी पुराव्यावाचून ते सत्य दरबारात टिकले नाही. कोळ्याच्या हाती मासा लागेपर्यंत तिला वाट पाहावी लागली. आजच्या वकिलातीच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या वधूची स्थिती ह्याहून फार निराळी नाही. तेव्हा अंगठी जपावी, हा पहिला बोध.

ही अंगठी प्रत्येक देशात वेगळ्या घडणीची असते. अमेरिकेत वाग्दत्त वधूसाठी वेगळा व्हिसा आहे. त्यासाठी अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत दोघांची प्रत्यक्ष भेट झालेली असावी लागते, आणि तेथे पोचल्यावर नव्वद दिवसांच्या आत विवाह करावा लागतो. लग्नापूर्वी वधूवरांनी भेटू नये अशी एखाद्या समाजाची कडक व जुनी रूढी असल्यास भेटीच्या अटीतून सूट मागता येते; आपल्या कांदेपोह्यांच्या पद्धतीस मात्र तिची गरज पडू नये! हा व्हिसा केवळ अमेरिकन नागरिकाच्या वाग्दत्तेस मिळतो, तेथे नोकरीच्या परवान्यावर राहणाऱ्या मुलाच्या वाग्दत्तेस नव्हे, हे आईबापांनी पक्के ध्यानात ठेवावे. नागरिकाच्या पत्नीने स्थायिक होण्यासाठी प्रवेश केला आणि विवाहास दोन वर्षे पुरी झालेली नसली, तर तिला मिळणारा वास्तव्याचा हक्कही दोन वर्षांपुरता सशर्त असतो. मुदत संपण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून अर्ज करून ती अट उठवून घ्यावयाची असते. इंग्लंडात पत्नीस किंवा पतीस बोलाविणाऱ्याचे वार्षिक उत्पन्न किती असावे हे कायदा सांगतो. २०१२ साली ठरविलेली १८,६०० पौंडांची मर्यादा ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जदारांसाठी २९,००० पौंड करण्यात आली. तेथील धान्यकोठी पाहून मुलगी देण्याचे काम पूर्वी मुलीचा बाप करी. आता ते तेथील सरकारने आपल्याकडे घेतले आहे असे म्हणावयास हरकत नाही.

पुसदच्या भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही प्रथम देतो, कारण ते निःसंदिग्ध आहे. त्यांस मिळालेला सल्ला त्यांनी मानू नये. हिंदु विवाह कायद्याच्या सातव्या कलमान्वये विवाह हा रूढ विधींनी लागावा लागतो, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तेथे सातवे पाऊल पडल्यावरच तो पूर्ण होतो. आठव्या कलमातील नोंदणी ही झालेल्या विवाहाची नोंद आहे. न झालेला विवाह ती निर्माण करू शकत नाही. एप्रिल २०२४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे असाच एक विवाह आला. विधी झालेले नव्हते, एका संस्थेचे प्रमाणपत्र आणि त्याच्या आधारे मिळालेला सरकारी दाखला तेवढा होता. न्यायालयाने तो विवाह कधी झालाच नव्हता असे ठरविले, आणि परदेशाचा व्हिसा मिळविण्यासाठी, वेळ वाचावा म्हणून, विधीपूर्वीच नोंदणी उरकण्याची जी प्रथा पडत चालली आहे तिचा स्पष्ट शब्दांत निषेध केला. समारंभ पुढे झालाच नाही तर त्या मुलीची अवस्था काय, हा न्यायमूर्तींचा प्रश्न प्रत्येक मातेने स्वतःस विचारावा. शिवाय विवाह झालेला नसता तो झाला असे परराष्ट्राच्या अधिकाऱ्यास लिहून देणे हे असत्यकथन आहे, आणि ते उघडकीस आल्यास पुढचे दारही बंद होण्याचा संभव असतो.

ह्यावर उपाय साधा आहे. मुलगा आठ दिवसांची रजा काढून येऊ शकत असेल, तर चार घरच्या माणसांत, यथाविधि लाजाहोम आणि सप्तपदी करून लग्न लावावे. आमंत्रणे, पंगती, मिरवणूक हे सारे पुढील वर्षी खुशाल करावे. धर्मशास्त्रास आणि कायद्यास दोहोंसही त्याची आवश्यकता नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यान्वये विवाहाची नोंद करावयाची असते, ती लागलीच करून घ्यावी. सप्तपदीची छायाचित्रे आठवणीने काढावीत. आमच्याकडील छायाचित्रकार हार घालतानाची चित्रे शंभर काढतो आणि होमाच्या वेळी जेवावयास जातो. त्यास त्या दिवशी अगोदर जेवू घालावे. मुलास आठ दिवसांचीही सवड नसेल, तर लग्नच पुढील वर्षी करावे आणि कागदही तेव्हाच करावेत. एक वर्षाचा विलंब हे संकट नव्हे.

दिग्रसच्या गृहस्थांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. वधू हिंदू नसल्यामुळे भटजींनी कितीही शुद्ध मंत्र म्हटले तरी केवळ तेवढ्याने हिंदु विवाह कायद्याखाली तो विवाह होत नाही. त्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. दोघांपैकी एकाने ज्या जिल्ह्यात निदान तीस दिवस वास्तव्य केले असेल तेथील विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावयाची, ती कार्यालयात लावली जाते, तीस दिवसांत कोणी सबळ हरकत न घेतल्यास तीन साक्षीदारांसमक्ष विवाह लागतो. नोटिशीपासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही तर नोटीस रद्द होते. म्हणून वधूच्या येण्याची तारीख ठरवूनच नोटीस द्यावी. तिने आपल्या देशातून, विवाहास अडथळा नसल्याचा दाखला आणावा. हे पार पडल्यावर घरी होमहवन करावयाचे असेल तर अवश्य करावे. आजीबाईंचे समाधान हाही पुरुषार्थच आहे.

ह्या कायद्याचे एकोणिसावे कलम मात्र एकत्र कुटुंबाच्या प्रत्येक कर्त्याने वाचले पाहिजे. अविभक्त हिंदू कुटुंबातील माणसाने ह्या कायद्याखाली हिंदू, बौद्ध, शीख, जैन ह्यांव्यतिरिक्त धर्माच्या व्यक्तीशी विवाह केला, तर तो त्या कुटुंबातून विभक्त झाला असे कायदा मानतो. त्याचा वाटा बुडत नाही. तो वाटा त्या दिवसापासून वेगळा झाला एवढेच. परंतु ज्या घरात तीन भावांची काळी जमीन आजोबांच्या नावे अद्याप एकत्र कसली जात आहे, तेथे ही गोष्ट लग्नानंतर दहा वर्षांनी, भाऊबंदकीच्या भरात, प्रथमच कळावी ह्यासारखे दुर्दैव नाही. पुतण्यास समोर बसवून, प्रेमाने, मुहूर्तापूर्वीच ह्याचा उलगडा करावा आणि काय ठरले ते वकिलाकडून लिहून घ्यावे. विभक्त हा शब्द कागदावर राहिला तर घर मोडत नाही. तो मनात शिरला तर मोडते. आणि ह्या कलमातून सुटण्यासाठी मुलीस घाईने धर्मांतर करावयास लावू नये. सावित्रीबाई खानोलकरांनी आपला धर्म श्रद्धेने स्वीकारला होता. सातबारा सांभाळण्यासाठी घेतलेली दीक्षा कोणत्याच देवास पोचत नाही.

विवाहानंतर ती येथे राहणार असेल, तर भारतीय नागरिकाची पत्नी म्हणून तिला एन्ट्री म्हणजे 'एक्स' वर्गाचा व्हिसा मिळू शकतो. जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक हेच तेथील विदेशी नोंदणी अधिकारी असतात. १ सप्टेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या नव्या कायद्याने १९२०, १९३९ आणि १९४६ चे जुने कायदे जाऊन ह्या विषयाचा एकच कायदा झाला आहे. नवी सून येण्यापूर्वी, पाहुणी म्हणून जरी ती घरी उतरली, तरी तिच्या मुक्कामाची माहिती ह्या कार्यालयास कळविण्याचे कर्तव्य यजमानाचे आहे, हे विसरू नये. नोंदलेला विवाह सलग दोन वर्षे टिकल्यावर तिला भारताचे परदेशस्थ नागरिक म्हणून नोंद मागता येते, ज्यास बोलण्यात ओसीआय कार्ड म्हणतात. त्याने तिला वारंवार व्हिसा मागण्याचे कारण उरत नाही. पण मताचा अधिकार मिळत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि घटस्फोट झाल्यास ते कार्ड रद्द होऊ शकते. पूर्ण नागरिकत्व हवे असल्यास विवाहानंतर सात वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. शिवाय आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नसल्यामुळे तिला आपले माहेरचे नागरिकत्व सोडावे लागते. हे मागणे थोडे नव्हे. आपण तिच्या जागी असतो तर काय केले असते, हा विचार करून मगच घरच्यांनी ह्या विषयात तोंड उघडावे.

उलट पुतण्याने जर्मनीस जावयाचे ठरविले, तर जर्मन नागरिकाचा पती म्हणून व्हिसा मागताना त्यास सामान्यतः त्या भाषेचे प्राथमिक ज्ञान सिद्ध करावे लागते. पुण्यास मॅक्समुल्लर भवनात ती भाषा शिकण्याची व परीक्षेची सोय आहे. ही अट आम्हांस जाचक वाटत नाही. सासुरवाडीची भाषा चार वाक्ये तरी यावी, ही अपेक्षा आपण आपल्या सुनांकडून पिढ्यान्पिढ्या करीत आलो; आता जावयांकडून होत आहे.

आमची हयात शाळेत गेली, म्हणून कागदांविषयी दोन शब्द अधिकाराने सांगतो. परदेशी कार्यालयांत जे अर्ज अडकतात, त्यांच्या घोटाळ्याचे मूळ पुष्कळदा शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात असते. पूर्वी पालक मुलास शाळेत घालावयास आणीत तेव्हा जन्मतारीख अंदाजाने सांगत, आणि सोयीची म्हणून जूनमधली एखादी तारीख पडे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक तारीख, नगरपालिकेच्या जन्मनोंदीत दुसरी आणि पत्रिकेत तिसरी, अशी माणसे आमच्या पाहण्यात कितीतरी आहेत. दुसरा घोटाळा नावांचा. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने मुलीचे नवे नाव लिहिण्याची आपली चाल गोड आहे. पण पदवीपत्रावर कुसुम, लग्नाच्या दाखल्यावर मृणालिनी आणि बँकेच्या पुस्तकावर नुसते आडनाव, हे पाहून परदेशी अधिकारी तीन स्त्रिया आहेत असे समजला तर त्याचा दोष काय? नाव तांदळांवर बदलावे, कागदांवर जपून बदलावे. आणि बदलल्यास राजपत्रात प्रसिद्ध करून सर्वत्र एकसारखे करून घ्यावे. आपल्या जिल्ह्याचे पासपोर्टाचे काम नागपूरच्या विभागीय कार्यालयाकडे आहे. विवाह ठरण्याची वाट न पाहता मुलामुलींचे पासपोर्ट आधीच काढून ठेवावेत. दाखल्यांवर परराष्ट्र खात्याचा शिक्का, ज्यास अपोस्टिल म्हणतात, तो भारतात २००५ पासून मिळतो. परंतु सर्वच ठिकाणी तेवढ्याने भागते असे नाही, म्हणून संबंधित वकिलातीचे नियम वाचल्याशिवाय खर्च करू नये.

काही देशांत विवाह न करताही एकत्र राहणाऱ्या जोडप्यास व्हिसा मिळतो. ऑस्ट्रेलियात त्यासाठी सामान्यतः बारा महिन्यांच्या सहवासाचा पुरावा मागतात. ह्यावर आमचे मत वाचकांस ठाऊक आहे, ते पुन्हा सांगत नाही. फक्त एवढे लक्षात आणून देतो की आपल्या ओसीआयच्या कायद्यास नोंदलेला विवाहच लागतो. तरुणांनी धर्मशास्त्र बाजूस ठेवले तरी हे व्यवहारशास्त्र बाजूस ठेवू नये.

शेवटी, ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला ती सांगावयाची राहिली आहे. पतीच्या नोकरीच्या परवान्यावर परदेशी गेलेली पत्नी ही तेथे केवळ त्याच्या नावाने उभी असते. अमेरिकेतील अशा आश्रित पत्नींपैकी काहींस नोकरीची परवानगी मिळू लागली ती २०१५ पासून, आणि तीही पतीचा स्थायिक होण्याचा अर्ज एका ठरावीक टप्प्यास पोचल्यावर. पतीची नोकरी गेली तर तिचा परवाना जातो. पतीचे मन फिरले तर तिच्या पायाखालची जमीनच जाते. टाकलेल्या मुलींच्या तक्रारी इतक्या वाढल्या की राष्ट्रीय महिला आयोगास २००९ साली त्यासाठी वेगळा कक्ष उघडावा लागला. आपल्या स्मृतिकारांनी स्त्रीधनाची कल्पना काढली, ती संकटसमयी स्त्रीच्या हाती तिचे स्वतःचे असे काही असावे म्हणून. आमच्या मते पासपोर्ट हे आजच्या मुलीचे पहिले स्त्रीधन होय. तो तिच्याच पेटीत असावा, सासूबाईंच्या कपाटात किंवा जावयाच्या खणात नव्हे. त्याच्या व सर्व दाखल्यांच्या प्रती माहेरी असाव्यात, तिच्या नावाचे बँकेत खाते असावे, आणि परतीच्या तिकिटापुरते पैसे त्यात कायम असावेत. पाटल्या चार तोळ्यांच्या ऐवजी तीन तोळ्यांच्या करा, पण एवढे करा. जावई कितीही सज्जन असो, ह्यात त्याचा अपमान नाही; सज्जन जावयास उलट त्याचे समाधानच वाटेल.

ज्या घरांतील मुले व्हिसाच्या निर्णयासाठी महिनोन्महिने एकमेकांपासून दूर बसली आहेत, तेथील वडील मंडळींस आमची हात जोडून एक विनंती आहे. त्या मुलास किंवा सुनेस रोज "काही कळले का?" असे विचारू नका. कळले असते तर तिने आपणहून सांगितले असते. सून येथे एकटी राहिली असेल तर तिला आश्रितासारखे वाटू देऊ नका आणि मुलगा एकटा असेल तर त्याच्यापुढे दोष कोणाचा ह्याचा काथ्याकूट करू नका. सप्तपदीचे सातवे पाऊल सख्याचे असते. ते पाऊल टाकून झाल्यावर मध्ये समुद्र आला तरी सख्य चालू ठेवणे त्या दोघांच्या हाती आहे, आणि ते सोपे करणे आपल्या हाती. दिग्रस आणि पुसदच्या आमच्या वाचकांस, त्यांच्या घरी होऊ घातलेल्या मंगलकार्यांस, आमचे आशीर्वाद आहेत. पत्रिका पाठवावी, अक्षता टाकण्यास आम्हांस अद्याप कोणत्याही परवान्याची गरज नाही.